योग्य ती व्यवस्था

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या तुकाई विद्यार्थिनी निवासात कल्पनाक्कांनी एकतीस वर्षं वॉर्डन म्हणून काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून वर गेली आणि तो प्रश्न आपोआप मिटला. लॉकडाऊनमध्ये मुली घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. पुढे संस्थेने वसतिगृह बंद केलं, खालचा हॉल लग्नकार्यांना द्यायला सुरुवात केली आणि अक्कांना मागच्या अंगणातली एक खोली हयात असेपर्यंत राहायला दिली. तसा ठरावच केला. आपल्या संस्थांना ठराव करायला फार आवडतं.

खोलीची एकुलती एक खिडकी हॉलच्या स्वयंपाकघराकडे उघडायची. लग्न असलं की आचारी दुपारी एक ताट आठवणीने पाठवी. त्यामुळे महिन्यातून सहा-सात वेळा अक्का होळिगे-कोसंबरीसकट साग्रसंगीत जेवत, आणि लग्न कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक नसे. बाकीच्या दिवशी त्या वाटीभर तांदूळ टाकत. चाळीस मुलींच्या अंदाजाला सरावलेला हात एकटीच्या मापावर यायला त्यांना दोन वर्षं लागली होती. फोन वाजला तर बँकेचा, नाहीतर निहारचा. निहार म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो मारतहळ्ळीला राहायचा आणि रविवारी गाडी चालवता चालवता मावशीची चौकशी करायचा. सिग्नल सुटला की चौकशी संपायची.

तर एका मंगळवारी सकाळी दारात सलवार-कमीजमधली एक तिशीची बाई उभी राहिली. हॉल बघायला कुणीतरी आलं असं समजून अक्कांनी बसल्या जागेवरून ऑफिस पुढच्या बाजूला आहे म्हणून सांगितलं. बाईने ओळखपत्र काढलं. ती पोलीस सब-इन्स्पेक्टर होती, नाव कावेरी. वर्दीत नव्हती, कारण येण्याआधी पीण्या या कारखान्यांच्या भागात एका सतरा वर्षांच्या मुलीचा जबाब घेऊन ती आली होती, आणि मुलांचा जबाब घेताना अंगावर वर्दी असू नये असा नियम आहे. त्या मुलीचं नाव इथे सांगायचं नाही. कायद्यानेच मनाई आहे, आणि नसती तरी सांगितलं नसतं.

कावेरी कन्नडमध्ये, हळू आवाजात बोलली. पूर्वी निवासात हार्मोनियम शिकवणाऱ्या मकरंद मास्तरांना पंधरा दिवसांपूर्वी अटक झाली होती. मारतहळ्ळीच्या एका सोसायटीत ते मुलांचे गाण्याचे क्लास घेत. तिथल्या आठ वर्षांच्या मुलीच्या आईने तक्रार केली होती. सोसायटीने त्यांना ठेवून घेतलं ते तुकाई निवासाचं प्रशस्तिपत्र पाहून. बातमी वाचून पीण्याच्या मुलीने स्वतः मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ला फोन केला. अकरा वर्षांची असताना, याच इमारतीत, शनिवारच्या क्लासनंतर तिच्याबाबतीतही तेच घडलं होतं असं तिने सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी आपण ते वॉर्डन अक्कांच्या कानावर घातलं होतं, असंही. आता मास्तरांचे वकील म्हणत होते की ही पोर सहा वर्षं गप्प होती, आज कुणीतरी पढवली म्हणून बोलते आहे. ती तेव्हाच बोलली होती हे दाखवता आलं, तर दोन्ही मुलींच्या केसला बळ मिळणार होतं.

अक्का काही बोलणार एवढ्यात कावेरीने हात वर केला.

"आधी एक ऐकून घ्या. पोक्सोमध्ये, कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. कलम एकवीस. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. इतक्या वर्षांनंतर ते लागतं की नाही, हे कोर्ट बघेल. पण तुम्हाला अंधारात ठेवून मला काही वदवून घ्यायचं नाही. आता सांगा, ती तुम्हाला बोलली होती?"

"मला आठवत नाही," अक्का म्हणाल्या.

एकतीस वर्षांतल्या प्रत्येक मुलीचं नाव, गाव, कुणाला वांगं चालत नाही आणि कुणाला झोपेत बडबडायची सवय, हे ज्या बाईला पाठ, तिला एवढंच आठवत नव्हतं. कावेरीने वाद घातला नाही. नंबर लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवून आणि अर्धी कॉफी तशीच टाकून ती गेली.

अक्कांना सगळं आठवत होतं. मुलीचा बाप कृष्णाजी, चिकोडीकडचा, पीण्यात लेथवर काम करायचा आणि आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. आई नव्हती. म्हणून पोरगी वसतिगृहात. रविवारी सकाळी ती मागच्या पायरीवर अक्कांशेजारी येऊन बसली आणि समोरच्या तुळशीकडे बघत बोलली. जे बोलली ते इथे लिहायचं काही कारण नाही. अक्कांनी मध्ये एकदाही तिला अडवलं नाही. बोलून झाल्यावर पोरीने विचारलं, आता शनिवारी मी क्लासला गेले नाही तर चालेल का? अक्का म्हणाल्या, चालेल, मी बघते.

आणि त्यांनी बघितलंही. ऐन तारुण्यात दोन वर्षं त्यांनी एका वकिलाकडे कारकुनी केली होती. तेव्हापासून साधं दूधवाल्याला चार ओळी लिहायच्या असल्या तरी खाली कार्बन घालून प्रत ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. त्याच दुपारी त्यांनी संस्थेचे अध्यक्ष रघुजीअण्णा यांना पत्र लिहिलं आणि स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, तुम्ही लिहिलंत, तुमचं काम झालं. पोलिसात जायचं हे अक्कांच्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगायचं तर आपल्या लोकांत ते कुणाच्याच डोक्यात येत नाही. अध्यक्षांना लेखी कळवलं म्हणजे सरकारदरबारी कळवलं, अशीच समजूत. अध्यक्षाच्या वर कोण असतो? फार तर देव.

महिनाभरात मास्तर गेले. पण कसे गेले? संस्थेचा रिवाज असा, की जाणाऱ्या शिक्षकाला शाल घालायची, आणि त्या वर्षी गायनात पहिली आलेल्या मुलीने नारळ द्यायचा. रिवाज मोडला तर लोक विचारतील काय झालं, म्हणून समारंभ ठरला. पत्रिका नेहमीप्रमाणे अक्कांनीच लिहिली. गायनात पहिली कोण, हे त्यांना हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यावर लक्षात आलं. तेव्हा नाव बदलता आलं असतं. ताप आलाय म्हणून पोरीला वर झोपवता आलं असतं. अक्का खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीच केलं नाही. पोरीने नारळ दिला. फोटो निघाला. खाली उतरून ती अक्कांसमोरून गेली तेव्हा तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मे महिन्यात कृष्णाजी येऊन तिला घेऊन गेला. निघताना बापाने पाया पड म्हटलं, तर ती ट्रंकेचं कुलूप तपासत राहिली.

त्यानंतर अक्कांनी मनाशी एक हिशोब पक्का केला होता. आपण सांगितलं. अण्णांनी दाबलं. नारळाचं चुकलं, ते आपलं. एवढ्या आधारावर त्यांनी सहा वर्षं ढकलली.

गुरुवारी रघुजीअण्णा स्वतः आले. बेकरीतली बिस्किटं घेऊन आले. एवढ्या वर्षांत ते या खोलीत पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे बसावं कुठे हे त्यांना कळेना. शेवटी ते पलंगाच्या कडेवर टेकले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनीच करून दिलं होतं. त्यांनी तब्येत विचारली, खोलीत ओल येते का विचारलं, पावसाळ्याआधी वरचे पत्रे बदलून देतो म्हणाले. मग संस्थेला शंभर वर्षं होतील त्याबद्दल बोलले. मग म्हणाले की कागदपत्रं काही असली तर ऑफिसच्या कपाटात सुरक्षित राहतील. जुन्या प्रतींच्या वह्या आहेत ना तुमच्याकडे?

वह्या वसतिगृह बंद झालं तेव्हाच रद्दीत गेल्या, असं अक्कांनी सांगितलं. दोन दिवसांतलं हे दुसरं खोटं. ट्रंक अण्णांच्या पायापाशीच होती.

अण्णांचा चेहरा सैल झाला. "मग स्वल्प माझं ऐका, कल्पनाक्का. मला तुमचं कुठलंही पत्र आलं नाही. तुम्ही लिहिलंत का, ते मी विचारतही नाही. मुलगी लहान होती, तिची काहीतरी गल्लत होत असेल. सरी? ठीक ना?"

अक्कांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अण्णांनी ते हो म्हणून घेतलं आणि गेले.

रविवारी निहारचा फोन आला. अक्कांनी त्याला सगळं सांगितलं, कारण सांगायला दुसरं होतं कोण? त्याने चक्क गाडी बाजूला घेतली. "मावशी, तू प्लीज काही साइन करू नको. माझा एक लॉयर फ्रेंड आहे, त्याला विचारलं मी एकदा असंच. पेपरच नसेल तर काही प्रूव्ह होत नाही. तू या वयात कशाला पोलिस स्टेशनच्या चकरा मारतेस? रूम गेली तर जाशील कुठे?" शेवटचा प्रश्न विचारून तो जरासा थांबला. मग घाईने म्हणाला, की सध्या त्यांच्याकडे सासूबाई राहायला आल्या आहेत, नाहीतर काही प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी हॉलमध्ये लग्न होतं. ताट आलं, अक्कांनी ते झाकून ठेवलं. खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता, नादस्वर वाजत होता, दोन-चारशे माणसं दहा पावलांवर जेवत होती, आणि या बाईला एक शब्द बोलायला माणूस नव्हता. अण्णांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. गल्लत होत असेल! अण्णा म्हणणार पत्र आलं नाही. आपण म्हणालो आठवत नाही. दोघांचं एकत्र केलं की काय उरतं? पोरगी खोटारडी, एवढंच उरतं. तिच्या बाजूने बोलायला आख्ख्या बंगळूरात कुणी नाही. आपण एकट्या पडलो ते सदुसष्टाव्या वर्षी. ती अकराव्या वर्षी पडली, आणि तिला तसं पाडलं आपण. हे मनात आलं आणि अक्का रडल्या. चांगल्या मोठ्याने रडल्या. नादस्वर चालू होता, कुणाला ऐकू गेलं नाही.

सोमवारी त्यांनी ट्रंक उघडली. २०१९ची वही हाताला लागली, तारखेवरून पान सापडलं, त्यात त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी खूण म्हणून घातली. वाचलं मात्र नाही. वाचायचं काय त्यात? शब्दन् शब्द आपल्याला पाठ आहे अशी त्यांची खात्री होती. वही पिशवीत घातली, चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला आणि मार्केटवरून बस धरली. बायकांना बस फुकट झाल्यापासून अक्का कधी कुठे गेल्याच नव्हत्या, त्यामुळे कंडक्टरने आधार कार्ड मागितलं तेव्हा त्या पिशवीतली वही बाहेर काढायला लागल्या.

ठाणं रिंग रोडच्या पलीकडे होतं. पोचायला दोन तास लागले. कावेरी आज वर्दीत होती आणि त्यामुळे वयाने मोठी वाटत होती. तिने आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि परत एकदा विचारलं, यातून तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, माहीत आहे ना? अक्का म्हणाल्या, माहीत आहे. त्यांनी वही टेबलावर ठेवली.

कावेरीने पान उघडलं. निळसर, जरा पसरलेली अक्षरं. तिला मराठी येत नव्हतं. कोर्टाकडून रीतसर भाषांतर होईलच, पण त्याला दिवस लागतील, म्हणाली. तूर्त तुम्हीच वाचा आणि कन्नडमध्ये सांगा, मी जबाबात घेते.

अक्कांनी चष्मा लावला. माननीय अध्यक्ष यांस सा. न. वि. वि. इथून सुरुवात होती. तारीख, रविवार, १७ फेब्रुवारी २०१९. मुलीचं नाव, इयत्ता. तिने सकाळी जे सांगितलं ते, तिच्याच शब्दांत. अक्का एक-एक वाक्य वाचत होत्या, कन्नडमध्ये सांगत होत्या, कावेरी लिहीत होती. मग आलं: मुलगी खरे बोलत आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

हे वाक्य कन्नडमध्ये सांगितल्यावर कावेरीने पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी मी तुम्हाला बोलले नाही," ती म्हणाली. "जबाब संपल्यावर तिने मला एकच विचारलं होतं. केसचं नाही, शिक्षेचं नाही. अक्कांना ते खरं वाटलं होतं का, एवढंच. त्यांनी मला नारळ द्यायला लावला, म्हणजे त्यांना मी खोटंच बोलले असं वाटलं असणार, म्हणाली. सहा वर्षं तिने तेच धरून ठेवलंय. आज संध्याकाळी मी तिला हे वाक्य सांगते. खरं म्हणजे तुम्हीच भेटा तिला. परवानगीचं मी बघते."

कावेरी बोलत असताना अक्कांची नजर पुढे गेली होती. पानाच्या तळाशी, सहीच्या वर, आणखी एक वाक्य होतं. त्यांच्याच हातचं. आणि ते त्यांना आठवत नव्हतं. या खेपेला खरंच आठवत नव्हतं.

त्यांनी ते मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. खोलीतला पंखा खडखडत होता. कावेरीने वही बंद करायला हात पुढे केला, कारण तिला हवं होतं ते मिळालं होतं. मुलगी तेव्हाच बोलली होती, याचा पुरावा मिळाला होता. भाषांतरकार येईपर्यंत दोन-तीन महिने सहज गेले असते. तोवर पोरगी भेटली असती. कदाचित पुन्हा अक्का म्हणाली असती. एखाद्या रविवारी पीण्याहून आली असती, पायरीवर बसली असती. सहा महिन्यांच्या शिक्षेची भीती त्यांना आता वाटत नव्हती. पण हे एवढं समोर आलेलं हातचं जाईल, याची भीती वाटली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून एक ओळ आहे."

आणि त्यांनी ती आधी मराठीत वाचली, जशी लिहिली होती तशी. तरी सदर प्रकरण बाहेर न जाता, संस्थेच्या नावास बाधा न येता, आपल्या स्तरावर योग्य ती व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती. मग कन्नडमध्ये सांगितली. सांगताना एकही शब्द मऊ केला नाही.

अण्णांनी दाबलं, हे खरं होतं. पण दाबा असं त्यांना लिहून दिलं होतं कल्पनाक्कांनी. निरोपाचा समारंभ, शाल, प्रशस्तिपत्र, मारतहळ्ळीची ती आठ वर्षांची पोर, सगळं त्या व्यवस्थेतच बसत होतं.

"तुम्हाला ते खरं वाटलं होतं," कावेरी सावकाश म्हणाली, "आणि तरी तुम्ही हे लिहिलंत."

"हो."

कावेरीने पेन उचललं. ते वाक्य तिने जबाबात उतरवून घेतलं, वही पुढे सरकवून पानावर अक्कांची सही घेतली आणि तारीख घातली. मग जरा चाचरत विचारलं, की हे तिला आज सांगू, की राहू दे? ते आपोआप पुढे येईलच कधीतरी.

"आजच सांगा," अक्का म्हणाल्या. "खरं वाटलं होतं, ते नंतर सांगा. आधी हे सांगा. मग तिला भेटायचं असेल तर ती ठरवेल."

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. बाहेर बसथांब्यावर उभं राहिल्यावर आपली बस कुठल्या बाजूने येते हे त्यांना विचारावं लागलं.